स्तनकर्करोग, हाताची सूज आणि फिजिओथेरपी

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या किंवा त्या भागाला रेडिएशन दिले, की हातातल्या द्रवाचा निचरा मंदावतो आणि काही स्त्रियांचा हात सुजतो. या सुजेला लिम्फेडिमा म्हणतात. ती ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येते. नेहमीची बांगडी चढेनाशी होते, ब्लाउजची एकच बाही काचू लागते. जोडीला खांदा आखडतो आणि झोपेनेही न जाणारा थकवा येतो. या तिन्ही तक्रारींवर फिजिओथेरपी हा उपचाराचाच भाग आहे. बरे झाल्यावर सवड मिळेल तेव्हा करण्याची ती गोष्ट नव्हे.

‘त्या हाताने काही उचलू नका’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. श्रमाने रक्तपुरवठा वाढतो, म्हणजे साचणारा द्रवही वाढेल, असा त्यामागचा तर्क होता. तो तपासून पाहिल्यावर टिकला नाही. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकूवर येथे डॉन मॅकेन्झी यांनी स्तनकर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवले. एकीलाही नव्याने सूज आली नाही. नियंत्रण गट नसलेला हा छोटा प्रयोग निर्णायक नव्हता, पण २००९ साली कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली चाचणी अधिक काटेकोर होती. त्यात आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया होत्या. वर्षभर वजने उचलणाऱ्या गटात हात अधिक सुजण्याचे प्रमाण ११ टक्के, न उचलणाऱ्या गटात १२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. सूज अचानक बळावण्याचे प्रकार मात्र व्यायाम करणाऱ्यांत निम्मे, १४ विरुद्ध २९ टक्के, आढळले. जपून ठेवलेला हात दुबळा होतो आणि मग घरातले साधे कामही त्याला झेपत नाही, ही बाजू जुन्या सल्ल्यात विचारात घेतलेली नव्हती.

यावर रास्त आक्षेप असा की त्या स्त्रियांना प्रशिक्षक होते, दाब देणारी बाही होती. आपल्याकडे हे कुठून आणायचे? आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच निष्कर्षही नेमका घ्यायला हवा. सुरुवात नाममात्र वजनाने झाली, त्रास नसेल तरच ते वाढवले गेले. पाण्याने भरलेली कळशी एका दिवशी अचानक उचलायला ही चाचणी परवानगी देत नाही; हळूहळू ताकद कमवायला देते. घाईचा तोटाही ठाऊक आहे: ऑपरेशननंतर लगेच खांद्याचे पूर्ण व्यायाम सुरू केल्यास हालचाल लवकर सुटते, पण जखमेतून जास्त द्रव वाहतो आणि नळी जास्त दिवस ठेवावी लागते. म्हणून पहिल्या दिवसांत मूठ उघडझाप करणे, कोपर वाकवणे एवढेच. भिंतीवर बोटे चढवत हात वर नेण्याचा व्यायाम सर्जनच्या संमतीनंतर. केमोच्या थकव्यात पडून राहावेसे वाटणे स्वाभाविक आहे, तरीही झेपेल एवढे नियमित चालल्याने तो कमी होतो, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. ताप, रक्तातल्या प्लेटलेट फार कमी होणे किंवा हाडांत पसरलेला आजार असेल, तर व्यायाम डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

घरच्या काळजीतही भीतीची जागा बदलायला हवी. बोस्टनमधल्या ६३२ रुग्णांच्या २०१६ च्या अभ्यासात त्या हाताला दिलेली सुई, मोजलेला रक्तदाब किंवा विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध आढळला नाही. त्वचेचा जंतुसंसर्ग आणि जास्त वजन यांचा मात्र आढळला. तेव्हा विळीचा काप, तव्याचा चटका, शेतातला काटा, नखाजवळची चीर लगेच धुऊन झाकणे महत्त्वाचे. लाली पसरली, हात गरम लागला किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ऑपरेशनपूर्वीच दोन्ही हातांचे घेर ठरावीक जागी टेपने मोजून कागदावर लिहून ठेवावेत. पुढच्या प्रत्येक तपासणीत तीच मापे घेतली, की डोळ्यांना न दिसणारी सूजही सापडते आणि त्या टप्प्यावर ती आटोक्यात आणणे सोपे असते.