डोंबिवलीतील ज्वालाग्राही रसायनांचे अपघात व त्यांचे निवारण

ठाणे जिल्ह्यात डोंबिवली येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात रासायनिक कारखाने व निवासी वस्ती एकमेकांस लागून आहेत. ज्वालाग्राही द्रव सांडल्यास त्याची बाष्पे बहुधा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतात व दूरच्या ठिणगीनेही पेटतात. पाण्यापेक्षा हलका द्रव पाण्यावर तरंगून आग पसरवितो; म्हणून फेसाचा थर देऊन त्याचा हवेशी संपर्क तोडतात. काही रसायनांची पाण्याशी तीव्र विक्रिया होते. यास्तव द्रवाची ओळख पटविणे ही निवारणाची पहिली पायरी होय.

भोपाळ दुर्घटनेनंतर (१९८४) केंद्र शासनाने केलेल्या १९८९ च्या नियमांनी ठराविक मर्यादेहून अधिक घातक रसायने बाळगणाऱ्या कारखान्यांसाठी आवाराच्या आतील व बाहेरील आपत्कालीन योजना आवश्यक ठरविल्या. १९९६ च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत आपत्ती गटांची तरतूद केली. तथापि डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेसमधील स्फोटात १२, तर २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समधील स्फोटात दहाहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. दोन्ही वेळी आवाराबाहेरील इमारतींचीही हानी झाली. अशा स्फोटांत फेस व बंब बहुधा स्फोटानंतरच उपयोगी पडतात. त्यामुळे कारखाना व वस्ती यांतील अंतर हा निवारणाचाच भाग ठरतो.