पेट्रोल चढत नाही

सोलापूरचा औद्योगिक इतिहास म्हटला की गिरण्यांचे भोंगे आठवतात. परंतु १८८२ साली याच शहरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, हेही त्या इतिहासाचेच पान आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट पुढे अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीसारख्या गावांच्याही ओळखीची झाली. वालचंदांची चरित्रे झाली; ती गाडी चालू करणाऱ्या हातांचे चरित्र मात्र आमच्या वाचनात नाही.

आणि गाडी चालू करणे ही त्या काळी खरोखरच हाताची विद्या होती. टाकी मागे, इंजिन पुढे. पेट्रोल ओढून आणणारा पंप इंजिनच्याच कॅमवर चालणारा. म्हणजे इंजिन फिरल्याखेरीज पेट्रोल नाही आणि पेट्रोलाखेरीज इंजिन नाही! गाडी आठवडाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाई. मग नुसता सेल्फ मारत राहिल्यास वाटी भरण्याआधी बॅटरीच बसायची. जाणता मिस्त्री बॉनेट उघडून पंपाची छोटी तरफ बोटाने हलवी आणि वाटी भरून घेई. तरफ सैल लागली, तर कॅमने पंपाचा दांडा आधीच दाबून धरला आहे हे ओळखून तो इंजिन किंचित फिरवी. हे ज्ञान बोटांत होते.

थंड इंजिनात पेट्रोलाची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची. चोक जास्त झाला की प्लग भिजून गाडी 'ओव्हर' होई. उन्हाळ्यात दुखणे उलटे: तापलेल्या पंपात पेट्रोलाचीच वाफ धरे आणि गाडी रस्त्यात उभी राही. सोलापूरच्या मे महिन्यात त्यावर ओले फडके हाच उपाय.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला, तरी हँडल अनेक गाड्यांसोबत दशकानुदशके टिकून राहिले. ते मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनने उलटा झटका दिला तर एरवी अंगठा किंवा मनगट मोडे.

आम्हां भाषेच्या शिक्षकांना यात आणखी एक गोष्ट खुणावते. ग्रंथांनी 'अंतर्ज्वलन' हा शब्द घडविला, पण गॅरेजने 'चोक देणे', 'हँडल मारणे', 'पेट्रोल चढत नाही' ही क्रियापदे घडविली. मराठी, कन्नड, तेलुगू एकाच फळीवर बोलल्या जाणाऱ्या या गावात ती सर्वांची झाली. 'चढणे' हे क्रियापद तर अचूक आहे: पेट्रोल खालच्या टाकीतून वर ओढावेच लागते. आमच्या परिभाषा कोशांनी या कारागिरांकडे विचारणा करायला हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आजच्या गाडीत पंप टाकीतच असतो, विजेवर चालतो. किल्ली फिरवताच एकदोन क्षणांत दाब तयार होतो आणि बॉनेट उघडण्याची गरज पडत नाही. तरफ हलवणारे मिस्त्री आता सत्तरीपुढचे आहेत. त्यांचे शब्द टिपायला आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन जावे.