येलदरीच्या पाण्याखालचा पळस

तुम्ही पूर्णा नदीच्या पात्रात उभे आहात. साल १९५७, महिना मार्च, होळी तोंडावर. पाणी जेमतेम घोट्याला लागतंय. अजिंठ्याच्या डोंगरात उगवलेली ही नदी जिंतूर तालुक्यात येईस्तोवर उन्हाने अंग चोरते; काळ्या खडकांच्या सांदीसांदीतून एक बारीक धार तेवढी चालत राहते. हीच धार पुढे पूर्णा गावाजवळून जाऊन गोदावरीला मिळेल. चार-पाच महिन्यांपूर्वीपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र व्हायला तीन वर्षं आहेत आणि येलदरीचं धरण पुरं व्हायला अकरा. १९६८ नंतर तुम्ही उभे आहात तिथे डोक्यावर कित्येक पुरुष पाणी असेल.

घाई करू नका. आधी नीट बघून घ्या. काठावर पळस फुललाय. अंगावर पान नाही, नुसती फुलं. मागे बाभळी, हिवर, बोरी, आणि त्यांच्या मागे माळाचा उघडा, करडा चढ. खडकाला आपण काळा म्हणतो, पण सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या कडेला निळसर झाक आहे. पाणी ओसरलेल्या जागी शेवाळ वाळून पांढुरकं झालंय. अर्ध्या तासाने ऊन चढेल आणि यातलं काहीच राहणार नाही. मराठवाड्याचं ऊन रंग उजळत नाही, धुऊन काढतं. म्हणून कॅमेरा आताच लावा.

तिकाटणं खडकात घट्ट रोवा, कारण कॅमेऱ्यातल्या कोडॅक्रोम फिल्मचा वेग फक्त १० आहे. झाडापासून डोंगरापर्यंत सगळं रेखीव यावं म्हणून भिंगाचं तोंड एफ १६ इतकं बारीक केलं, तर भर उन्हातही पडदा सेकंदाचा दहावा हिस्सा उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात फांदी हलली की फूल पुसट झालंच. वारा पडायची वाट बघा. प्रकाश मोजायचा तो फुलावरचा. स्लाइडवर उजळ भाग एकदा जळाला की कुठलीही किमया तो परत आणत नाही. सावली थोडी बुडाली तरी चालेल. आता दाबा.

हा रोल घरी धुता येत नाही. कोडॅक्रोमच्या फिल्ममध्ये रंग नसतातच. धुताना तीन थरांत तीन रंग एकामागून एक भरावे लागतात, आणि ते काम कंपनीच्या प्रयोगशाळेतच होतं. त्या खटाटोपाचं फळ मात्र मोठं आहे. अंधारात, कोरड्या जागी ठेवलेली कोडॅक्रोम स्लाइड अनेक दशकं आपला रंग सोडत नाही. त्याच काळातल्या एक्टाक्रोमच्या स्लाइडा बघता बघता विटल्या. तेव्हा धुऊन आलेली ती स्लाइड लोखंडी पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवा आणि पुढे चला.

वाटेत एक मुक्काम घ्या, थोडा लांबचा. मार्च १९६३, अमेरिकेतली कोलोरॅडो नदी. ग्लेन कॅनियनच्या धरणाने नदी अडवलीय आणि पाणी चढू लागलंय. तांबड्या दगडाच्या अरुंद घळी, त्यांत झिरपणारा परावर्तित उजेड, नेचे, ओल्या भिंतींवरचे काळे ओघळ, सगळं एकेक इंच बुडतंय. एलियट पोर्टर नावाचा छायाचित्रकार, मूळचा डॉक्टर, आधीच्या काही वर्षांत या घळींतून हिंडून गेलाय. त्याच वर्षी सिएरा क्लब त्याच्या रंगीत चित्रांचं पुस्तक काढतो: ‘द प्लेस नो वन न्यू’. कुणालाच ठाऊक नव्हती अशी जागा. धरण त्या पुस्तकाने थांबलं नाही, थांबणं शक्यही नव्हतं. पण काय बुडालं ते लोकांना डोळ्यांनी बघता आलं.

पोर्टर आपल्या प्रती डाय ट्रान्सफर पद्धतीने स्वतः करायचा. एका स्लाइडवरून लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीन निगेटिव्ह काढायच्या. प्रत्येकीवरून जिलेटिनचा उठावदार साचा करायचा. तीन साचे तीन रंगांत बुडवायचे आणि एकाच कागदावर, केसभरही न सरकू देता, एकामागून एक दाबायचे. एक चांगली प्रत म्हणजे कित्येक दिवसांचं काम. तिथे फार रेंगाळू नका. तुमच्या हातात तेवढे दिवस नाहीत, आणि तो पळस कोलोरॅडोच्या काठी नाही.

आता उतरा. जानेवारी १९८५, पूर्णा जंक्शन. थंडी अशी की फलाटावरचे हमाल पोत्याच्या खोळी करून बसलेत. परभणीकडची जानेवारीची रात्र मराठवाड्याबाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही, आणि आज हीच थंडी तुमच्या उपयोगाची आहे. गाडी मीटरगेजची. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा रूळ आणि हिंगोली-अकोल्याकडे फुटणारा रूळ इथे भेटतात. इंजिनाच्या कोळशाची काजळी कानाच्या पाळीवर बसते. ती झटकून या. पुढे धुळीचा एक कण तुम्हाला रडवणार आहे.

बाजारात एक फोटो स्टुडिओ आहे. दिवसा पासपोर्ट, लग्न, कारकुनाच्या अर्जाला लावायचे फोटो. सगळं कृष्णधवल. स्टुडिओवाले काका मागच्या खोलीचं दार उघडतात. लाल दिवा, एन्लार्जर, तीन ट्रे. तुम्ही पिशवीतून सिबाक्रोमची पेटी काढता तेव्हा ते आधी लाल दिवा मालवतात. रंगीत कागदाला सगळेच रंग दिसतात, तेव्हा लाल उजेडही चालत नाही. मिट्ट काळोख हवा.

सिबाक्रोम १९६३ साली बाजारात आलेला, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीचा कागद. इतर रंगीत कागदांवर रंग धुताना तयार होतात. याच्यात ते आधीपासून भरलेले असतात, म्हणून न वापरलेला तुकडा उजेडात धरला तर काळपट दिसतो. जिथे उजेड पडतो तिथे चांदी तयार होते आणि ब्लीच त्या चांदीच्या आधाराने तिथला रंग उडवून टाकतं. म्हणजे पळस या कागदात आहेच. त्याच्या अवतीभवतीचं नको ते काढायचं आहे. शिवाय निगेटिव्हची गरज नाही, स्लाइडवरून थेट प्रत होते. मला विचाराल तर रंगीत प्रतीच्या सगळ्या पद्धतींत एकट्या माणसाने, लहान गावात, रात्री बसून करावी अशी हीच होती. रसायनांना २४ अंश सेल्सियस लागतं. मे महिन्यात पूर्णेला ते स्वप्नातही मिळणार नाही. जानेवारीत खोली थंडगार असते आणि गरम करणं थंड करण्यापेक्षा कितीतरी सोपं. काकू चुलीवर पाणी तापवतात, तुम्ही ते घंगाळात ओतता आणि त्यात तिन्ही बाटल्या उभ्या करता. थर्मामीटर २६ वर गेला तर एक तांब्या गार पाणी.

पेटीवरच्या चिठ्ठीत गाळण्यांचे आकडे छापलेत. ते या खेपेच्या कागदापुरतेच. पिवळी, किरमिजी आणि निळसर गाळणी एन्लार्जरच्या खणात सरकवा. स्लाइड फुंकून, मऊ ब्रशने झाडून, भिंगाखाली तपासून लावा. इथे धूळ पांढरी उमटत नाही, काळी उमटते, आणि आभाळातला काळा ठिपका बुजवता बुजत नाही.

“आता थांबा,” काका म्हणतात. “शेतातल्या मोटारी चालू हायेत. बाराच्या नंतर लावू.”

त्यांचं बरोबर आहे. कृषिपंप सुरू असले की व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की एन्लार्जरचा दिवा मंद होतो, एवढंच नाही, पिवळाही होतो. कृष्णधवल प्रतीत ते चार सेकंद जादा देऊन निभतं. इथे सगळं चित्रच पिवळं होईल. स्टॅबिलायझरचा काटा स्थिर होईपर्यंत चहा घ्या.

बारा वाजून गेलेत. दिवा बंद. चाचपून कागद काढा, चौकटीत सरकवा. बोटांना कागदाची गुळगुळीत बाजू नखासारखी लागते; कागद कसला, पॉलिएस्टरच आहे तो. बटण दाबणार तोच काका अंधारात तुमचं मनगट धरतात. मालगाडी येतेय. आधी पायाखालची फरशी थरथरते, मग एन्लार्जरचा खांब. शेवटचा डबा जाऊन आवाज विरेपर्यंत श्वास धरून उभे राहा. आता द्या प्रकाश.

या तीस-चाळीस सेकंदांत तुमचे हात मोकळे नाहीत. सगळं उलटं आहे हे विसरू नका. निगेटिव्हवरून छापताना हाताची सावली पाडली की तो भाग फिकट राहतो. इथे सावली पाडाल तो भाग गडद होतो. आभाळ फार पांढरं आहे, तर त्याच्यावर तळहात हलवत धरा. खडकाच्या कपारीत काहीच दिसत नाही, तर पुठ्ठ्याला भोक पाडून तिथे जास्तीचा उजेड सोडा. हात थांबवला तर त्याची कड उमटेल. हलत ठेवा.

कागद गुंडाळून ड्रममध्ये, झाकण घट्ट, आणि आता दिवा लावला तरी चालेल. “बनी तो बनी, नहीं तो परभणी,” काका म्हणतात आणि ड्रम टेबलावर लाटू लागतात. डेव्हलपर तीन मिनिटं. ब्लीच तीन मिनिटं. यात गंधकाचं आम्ल आहे, नाकाला झोंबतं, वापरलेलं तसंच मोरीत ओतायचं नाही, खाण्याचा सोडा घालून ते फसफसून शांत झालं की मगच. फिक्सर तीन मिनिटं. मग वाहतं पाणी.

झाकण उघडता. ओली प्रत तांबूस दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. वाळू द्या.

वाळलेली प्रत बघून तुम्ही हरखून जाता. चमक अशी की नदीत अजून पाणी हलतंय असं वाटावं. पळस पेटलाय. काका चष्मा कपाळावर चढवून प्रत डोळ्यांजवळ नेतात, आणि बराच वेळ बोलत नाहीत.

“पळस एवढा लाल कामून केलाव? जरा भगवा असतोय त्यो. अन् माती बघा. आपली माती काळी हाय, ही तर तपकिरी झाली. अन् उन्हाळ्यात नदीला एवढी चमक कुठं असती बरं?”

या क्षणासाठीच तुम्हाला इथवर आणलं. सिबाक्रोमचा स्वभाव मुळातच भडक. स्लाइडचा उजेड-सावलीतला फरक तो आणखी ताणतो. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत ही प्रत ‘झकास’ म्हणून पाकिटात गेली असती. ती खोटी आहे हे सांगायला पूर्णेच्या काठावर उन्हाळे काढलेले डोळे लागतात. रंगीत प्रत म्हणजे कॅमेऱ्याने दिलेला निकाल नव्हे. गाळणीच्या प्रत्येक आकड्यावर कुणीतरी ठरवतं की ती जागा कशी होती. ते ठरवणारा माणूस त्या मातीतला असावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या नद्या, माळ आणि डोंगर रंगीत चित्रांत बहुधा बाहेरच्या नजरेने आणि बाहेरच्या गाळणीने आले, त्यामुळे कित्येक पिढ्यांना मराठवाडा एक तर राखाडी दिसला, नाही तर कॅलेंडरसारखा.

तेव्हा पुन्हा बसा. आता मास्क करायचा. स्लाइडला चिकटून कृष्णधवल फिल्मचा तुकडा ठेवा, त्याच्यावर हलका प्रकाश द्या आणि फिकट धुवा. ती पुसट उलटी प्रतिमा मूळ स्लाइडवर तंतोतंत बसवली की उजळ भागांवर पातळ पडदा येतो आणि सावल्यांना श्वास मिळतो. पस्तीस मिलिमीटरच्या स्लाइडवर ती बसवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. कड जरा हलली तर खडकाला दुहेरी रेघ दिसते. किरमिजी गाळणी थोडी कमी करा, म्हणजे पळसाची लाली उतरेल. पिवळी किती ठेवायची ते माती सांगेल, आणि माती काकांना विचारा. मास्क आला की प्रकाशाचा वेळही वाढवावा लागतो. पहाटेपर्यंत टेबलावर ओळीने प्रती वाळत पडतात: एकीत आभाळ बरं, माती नाही; एकीत माती साधली, खडकाची निळी झाक गेली. शेवटी काका एका प्रतीवर बोट ठेवतात. “ही. ही येलदरीची हाय.” ती पहिल्या प्रतीपेक्षा मवाळ आहे, तिच्यात ऊन आहे आणि धूळही आहे.

आता परत या. वाटेत बघत या काय काय गेलं. मीटरगेज गेलं, वाफेची इंजिनं गेली. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. डाय ट्रान्सफरचं साहित्य कोडॅकने १९९० च्या दशकात बंद केलं. कोडॅक्रोम २००९ साली थांबली, आणि तिचे रोल धुणाऱ्या कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं बंद केलं. सिबाक्रोम पुढे इल्फोक्रोम झाला आणि २०११ साली त्याच्या शेवटच्या उत्पादनाची घोषणा झाली. ओरेगॉनमधल्या ख्रिस्तोफर बर्केट यांनी कागद फ्रीजरमध्ये साठवून त्यानंतरही आपल्या अरण्यांच्या प्रती स्वतः छापल्या. निगेटिव्हवरून छापायचा रंगीत कागद मात्र आजही तयार होतो.

तुम्ही केलेली प्रत या प्रवासापुरतीच होती. ती कुठल्याही भिंतीवर नाही. पण स्लाइडा खऱ्या असू शकतात. परभणी, हिंगोली, जिंतूर, पूर्णा इथल्या घरांत त्या काळचे इंजिनिअर, रेल्वेतले लोक, शिक्षक, डॉक्टर यांच्या ट्रंका अजून आहेत. त्यांत पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या स्लाइडा सापडल्या तर त्या प्रोजेक्टरवर लावून बघू नका. कोडॅक्रोम अंधारात टिकते, प्रोजेक्टरच्या उजेडात लवकर फिकी पडते. खिडकीसमोर धरून एकदा पाहा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दाखवा, आणि जागा, नदी, महिना, साल जे आठवेल ते चौकटीवर पेन्सिलने लिहा. मग स्कॅन करून घ्या. स्कॅन करणाऱ्याने रंग लावले की ती स्क्रीन पुन्हा त्याच माणसासमोर धरा आणि विचारा, माती बरोबर आली का.