अंथरुणाची जाहिरात

दिवाळी जवळ आली, की सोन्याचांदीच्या शेजारी वर्तमानपत्रांत गाद्यांच्या जाहिराती झळकू लागतात. ज्या सणाला भल्या पहाटे उठून अभ्यंगस्नान करायचे, त्याच सणाला झोप विकायला काढावी, ही मोठी गंमत! पण हा उद्योग आजचा नव्हे.

१७५९ साली लंडनचे कोशकार डॉक्टर जॉन्सन यांनी जाहिरातींवर एक निबंध लिहिला. त्यात पिसे भरलेल्या पांघरुणाच्या एका जाहिरातीची त्यांनी यथेच्छ फिरकी घेतली आहे. ते पांघरूण म्हणे चारपाच ब्लँकेटांहून ऊबदार आणि एका ब्लँकेटाहून हलके. बाकीचे गुण तर सांगण्यापलीकडचे! त्याच्याही आधी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडातल्या वेअर गावी दहा फुटांहून रुंद असा एक पलंग घडवला गेला. तो राजासाठी नव्हता. बहुधा तिथल्या एका सराईकडे वाटसरू खेचण्यासाठी होता. पलंग हीच जाहिरात! शेक्सपिअरच्या एका नाटकातही त्याचा उल्लेख येतो.

आता ज्या 'मॅट्रेस'चा एवढा बोलबाला, तो शब्दच मुळी अरबीतून युरोपात गेलेला. मूळ अर्थ, जिथे काही टाकावे, पसरावे ती जागा. म्हणजे शब्द जमिनीवर निजणाऱ्यांचा, आणि मिरवतो उंच पलंगावर.

आपल्या बाजेची साक्षही एका परदेशी माणसाने दिली आहे. १३३३ साली इब्न बतूता सिंधू ओलांडून हिंदुस्थानात आला; पुढे तो दौलताबादेलाही येऊन गेला. इथल्या खाटा त्याने बारकाईने पाहिल्या. चार पाय, चार दांड्या, मधे रेशमाची किंवा सुताची वीण. एकटा माणूस सहज उचलून नेईल इतकी हलकी. तिच्यावर मऊपणासाठी आणखी काही घालावे लागत नाही, कारण ती स्वतःच लवचिक असते, असे तो लिहितो. गादीवाल्याला याहून घातक प्रशस्तिपत्र कोणते?

मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. बाज भिंतीला उभी करता येते, सतरंजी आणि गोधडी गुंडाळून वळकटी करता येते. जपानी गृहिणीही सकाळी फुतोन घडी करून कपाटात ठेवते, उन्हात वाळवते. रात्री जे झोपायचे, तेच दिवसा जेवायचे आणि अभ्यासाचे. स्प्रिंगच्या गादीला हे जमत नाही. तिच्याबरोबर निराळी खोली विकत घ्यावी लागते, आणि हे जाहिरातीत कोणी छापत नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहणाऱ्या घराला 'सुखाची झोप' म्हणून पलंग दाखवला, की वळकटीची लाज वाटू लागते. झोप तीच असते. बदलतो तो आपल्या घराविषयीचा अभिमान.

१९२५ साली अमेरिकेतल्या सिमन्स कंपनीने प्रत्येक स्प्रिंग कापडी पिशवीत शिवलेली गादी यंत्राने बनवून बाजारात आणली. तिच्या जाहिरातींत हेन्री फोर्ड, मार्कोनी, वेल्स आणि साक्षात एडिसन! झोप म्हणजे वेळेचा अपव्यय, असे म्हणणारा हा गृहस्थ. न्यू जर्सीतल्या त्याच्या ग्रंथालयात डुलक्यांसाठी एक साधी 'कॉट' असे, आणि हा इंग्रजी शब्द आपल्या खाटेवरूनच गेलेला.

मग डॉक्टरांचे नाव पुढे आले: पाठीला कडक गादी हवी! २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना नव्वद दिवस दोन प्रकारच्या गाद्यांवर निजवले. कडक गादीपेक्षा मध्यम गादीवरच्यांना अधिक आराम पडला. जाहिरातींतला 'कडक' शब्द मात्र अजून पुरता गेलेला नाही.

या साऱ्यात बळी गेला तो पिंजारी. धनुकलीच्या तारेचा टणत्कार गल्लीत घुमला, की आयाबाया गोळा झालेली गादी बाहेर काढीत. तो तोच कापूस पिंजून, फुलवून त्याच खोळीत भरून देई. माल घरचा, विकायची ती फक्त मेहनत. छापील जाहिरात करावी असे त्याच्यापाशी होतेच काय? तो टणत्कार हीच त्याची जाहिरात. आता रबराची आणि फोमची गादी दबली, की तिला पिंजता येत नाही. ती टाकून नवी घ्यायची, आणि जुनी घेऊन जायलाही कोणी सहजी तयार होत नाही.