शेकोटीच्या उबेतली द्राक्षे

नाशिकचे आजवरचे नीचांकी तापमान ७ जानेवारी १९४५ रोजी नोंदले गेले : ०.६ अंश. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्षलागवड सुरू केली, त्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती. जिल्ह्याच्या द्राक्षशेतीचा इतिहास सांगताना आपण निर्यातीचे आकडे सांगतो. थंडीशी आणि उन्हाशी चाललेल्या झटापटीचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो.

जुन्या बागांत वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवत. पुढे लोखंडी तारांचे मांडव आले आणि घड पानांच्या छताखाली लोंबू लागले. मांडवाकडे आपण केवळ जास्त पिकाची युक्ती म्हणून पाहतो, पण ती सावलीचीही सोय होती. पाने विरळ झाली की दुपारचे ऊन थेट मण्यांवर पडते आणि मणी शिजल्यासारखे होतात. बागाईतदार त्याला ‘उकड्या’ म्हणतात. ‘सनबर्न’पेक्षा हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

थंडीचे दुखणे वेगळे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यामुळे मणी फुगण्याचा काळ नेमका डिसेंबर-जानेवारीत येतो. गोदावरी-कादवेच्या सखल निफाडात निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते आणि जड, गार हवा तळाशी साचते. मग मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात. दिवस उबदार आणि रात्र गारठ्याची असली, की थॉमसनचे हिरवे मणी गुलाबी पडतात. खायला ते वाईट नसतात. पण परदेशी गिऱ्हाइकाला एकसारखा हिरवा रंग हवा असतो, आणि शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब तिथेच बिघडतो. म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. (कालच्या बातम्यांचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.)

पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा कोमट असते. बांधाबांधावर शेकोट्या पेटतात. धुराचे पांघरूण बाग वाचवते, असा समज आहे. खरे काम करते ती ऊब. वर काही अंतरावर उबदार हवेचा थर असतो. लहान लहान शेकोट्यांनी तळची हवा हलते आणि त्या थरात मिसळते. एकच मोठा जाळ केला, तर त्याचा झोत थर भेदून वर निघून जातो. कॅलिफोर्नियातल्या संत्राबागांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी तेलाच्या लहान शेगड्या ओळीने मांडल्या, त्या याच हिशेबाने.

डिसेंबर २०१८च्या अखेरीस निफाडचा पारा १.८ अंशांवर उतरला, तेव्हाही बागांतून हेच चालले होते : जळण, कागद, कोमट पाणी आणि रात्रभराचे जागरण.