पुनरुज्जीवन आणि व्याख्या : लक्ष्मी तालाच्या काठावरून संगीत नाटकाकडे

झाशीच्या लक्ष्मी तालाजवळ गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. १८५३ साली निधन पावलेल्या या मराठी संस्थानिकाची नाट्यासक्ती विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मुळे मराठी वाचकांस परिचित झाली. तथापि संगीत नाटकाच्या इतिहासात झाशीला सहसा स्थान मिळत नाही. त्याचे कारण केवळ साधनांच्या तुटवड्यात नसून, संगीतप्रकाराची व्याख्या करण्याच्या आपल्या रीतीतही आहे.

या संदर्भात जमैकातील ‘स्का’ संगीताचा इतिहास उद्बोधक ठरतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमध्ये आकारास आलेले हे नृत्यसंगीत १९६६ च्या सुमारास मंद लयीच्या ‘रॉकस्टेडी’त परिणत झाले. १९७९ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे ‘टू टोन’ने त्यास पंकचा आवेग दिला आणि कृष्णवर्णीय व गौरवर्णीय वादकांचे सहवादन ही त्याची नवी ओळख ठरली. १९९० च्या दशकात अमेरिकेत त्याची ‘तिसरी लाट’ आली. मूळ स्काला ‘पहिली लाट’ म्हणणे हे नंतरच्या लाटांमुळेच शक्य झाले. पुनरुज्जीवन केवळ जुने परत आणत नाही, ते जुन्याची सीमाही नव्याने आखते.

मराठी संगीत नाटकातही हेच घडलेले दिसते. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतील प्रयोगात गायनाचा भार सूत्रधारावर होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त (१८८०) पात्रे स्वतः गाऊ लागली आणि हेच ‘संगीत नाटका’चे लक्षण ठरले. बालगंधर्वांच्या काळात रागदारी गायनाचा विस्तार हाच रसिकांचा निकष झाला. बोलपटांमुळे आलेल्या पडत्या काळानंतर जितेंद्र अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांत नाट्यपदांस नवे वळण दिले. २०१५ मध्ये ‘कट्यार’ चित्रपटरूपाने आले, तेव्हा रंगमंचाशिवायही नाट्यसंगीत संभवते, असे मानावे लागले.

झाशीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. भावे आणि गंगाधरराव हे समकालीन. दोघांच्याही मागे मराठी दरबाराची परंपरा होती. परंतु गोडशांचा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा किर्लोस्करी लक्षण रूढ झाले होते. परिणामी झाशीतील नाट्यप्रेम हे बहुधा एका राजाच्या छंदाची हकीकत म्हणूनच वाचले गेले. तेव्हा अभ्यासकाने ‘हे संगीत नाटक होते काय?’ असे विचारण्यापूर्वी, ही व्याख्या कोणत्या पुनरुज्जीवनाने सिद्ध केली आणि तिने कोणती केंद्रे इतिहासाबाहेर ठेवली, हे तपासणे अगत्याचे आहे.