छापील वेग आणि खरा वेग

संगणकाच्या प्रोसेसरला वेगाचा एक आकडा दिलेला असतो. तीच त्याची कमाल मर्यादा, असे आपण सहज धरून चालतो. १९९८ साली एका स्वस्त प्रोसेसरने हा समज खोटा ठरवला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये इंटेल कंपनीने कमी किमतीच्या संगणकांसाठी सेलेरॉन हा प्रोसेसर आणला. खर्च वाचवण्यासाठी त्यातून दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी व वेगवान स्मृती, वगळली होती. त्यामुळे तो मंद ठरला व त्यावर टीका झाली. ऑगस्टमध्ये 'सेलेरॉन ३००ए' आला. त्यात १२८ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्याच चिपवर होती आणि ती त्याच्याच वेगाने चाले. महागड्या पेंटियम-२ ची कॅश ५१२ किलोबाइटची. पण ती वेगळ्या चिपांवर असून निम्म्याच वेगाने चाले.

आता थोडे गणित करू. मदरबोर्डकडून येणाऱ्या ठोक्यांना ठरावीक गुणकाने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो. ३००ए चा गुणक ४.५ हा कंपनीने पक्का केला होता. ६६.६ मेगाहर्ट्झ गुणिले ४.५ म्हणजे सुमारे ३००. हौशी मंडळींनी ठोकेच १०० वर नेले, आणि वेग झाला ४५०! पुष्कळशा चिपा या वेगाने सुरळीत चालल्या व कित्येक कामांत ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-२ च्या बरोबरीला आल्या. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

असे का घडले? कारखान्यात चिपा तपासून त्यांची प्रतवारी लावतात. छापील वेग हा हमीचा वेग असतो. उन्हाळ्यातही, वर्षानुवर्षे चिप बिनचूक चालावी म्हणून त्यात राखीव वाव ठेवलेला असतो. शिवाय स्वस्त मालाला मागणी असली, की अधिक वेग पेलणाऱ्या चिपांवरही कमी आकडा पडतो.

हा वाव फुकट मिळत नाही. चिपमधील उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला आणि व्होल्टेज २ वरून २.२ केले, तर उष्णता १.५ × १.२१, म्हणजे सुमारे १.८ पट होते. संगणक बंद पडला तर निदान कळते. पण तो गुपचूप चुकीची बेरीज करू लागला तर? खेळात ते खपून जाईल, निकालपत्रकात नाही.

विजेची तार, लिफ्ट, पूल यांवरही असे आकडे असतात. त्यांत वाव किती व तो कशासाठी ठेवला असेल, यावर विद्यार्थ्यांना विचार करायला सांगून पाहू या.